ऑनलाइन व्हाइटबोर्डवर टीमचं काम : कोऱ्या बोर्डापासून क्लिक होणाऱ्या नमुन्यापर्यंत

ऑनलाइन व्हाइटबोर्ड विकणाऱ्या कंपन्या एका गोष्टीची जाहिरात आवर्जून करतात: कॅनव्हास अमर्याद आहे, कितीही झूम आउट करा, जागा संपत नाही. माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच होते. सहा-आठ जणांना अमर्याद जागा आणि एक लिंक देऊन मोकळं सोडलं, की दीड तासानंतर बोर्डावर ढीगभर स्टिकी, म्हणजे रंगीत चिठ्ठ्या, दिसतात. तोच मुद्दा चार ठिकाणी लिहिलेला असतो, कोपऱ्यात कुणीतरी अर्धवट काढून विसरलेला स्क्रीन असतो आणि ठरलेलं काहीच नसतं. त्याच लोकांना तेवढ्याच वेळात आखून दिलेल्या चौकटीत बसवलं, तर शेवटी बोट ठेवून बघता येईल असा कच्चा नमुना हातात येतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत काही ना काही मर्यादा घातलेली दिसेल: जागेची, वेळेची, मतांची किंवा बारकाव्यांची.

बोलायला एक उदाहरण धरू. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी अ‍ॅप करायचं आहे. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध आणतो, वजन होतं, मशीनवर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं, त्यावरून दर ठरतो, पावती निघते आणि दहा दिवसांनी बिल होतं. टीममध्ये पुण्यातले दोन प्रोग्रॅमर, नाशिकची डिझायनर, संगमनेरला फिरणारा फील्डवरचा माणूस, फ्रँकफर्टला गेलेली पण प्रकल्पात असलेली एक सहकारी आणि संस्थेचे सचिव. सचिवांकडे लॅपटॉप नाही, ते फोनवर येणार. हे नमुन्याचं उदाहरण असलं तरी अशी मिश्र टीम आता सगळीकडेच असते.

सॉफ्टवेअर निवडताना

यावर फार वेळ घालवू नका. मिरो हे २०११ साली रशियातल्या पर्म शहरात ‘रिअलटाइमबोर्ड’ या नावाने सुरू झालं, २०१९ पासून त्याचं नाव मिरो. टायमर, मतदान, तयार टेम्प्लेट असा सगळा सरंजाम त्यात आहे. मात्र मोफत योजनेत संपादन करता येतील असे तीनच बोर्ड मिळतात. म्युरल साधारण याच जातीचं. फिगजॅम फिग्मा कंपनीने २०२१ मध्ये आणलं. पुढचं पक्कं डिझाइन फिग्मात, म्हणजे याच कंपनीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होणार असेल तर फिगजॅमच घ्या, कारण बोर्डावरच्या वस्तू उचलून थेट फिग्माच्या फाइलमध्ये पेस्ट होतात. एक्सकॅलिड्रॉ २०२० मध्ये सुरू झालेलं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. अकाउंट न काढता लिंक उघडून काम करता येतं, रेषा हाताने काढल्यासारख्या वाकड्या दिसतात आणि जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड आधीच तुमच्याकडे आहे, आयटीची वेगळी परवानगी सहसा मागावी लागत नाही.

माझा नियम सोपा आहे. बाहेरची माणसं येणार असतील आणि त्यांना अकाउंट काढायला लावणं जिवावर येत असेल, तर एक्सकॅलिड्रॉ. डिझायनर फिग्मात काम करणारी असेल तर फिगजॅम. वीस-पंचवीस जणांची कार्यशाळा असेल तर मिरो किंवा म्युरल. दोन सॉफ्टवेअर एकत्र वापरू नका, लोक दुसऱ्या लिंकवर जाताना गळतात.

निवड कोणतीही असो, हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडू शकतं असं धरून चाला. गूगलने जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं. प्रोटोटाइपसाठी, म्हणजे क्लिक होणाऱ्या नमुन्यासाठी, एके काळी सर्रास वापरलं जाणारं इनव्हिजनही त्याच दिवशी बंद झालं. आपलं काम वेळेत बाहेर काढून घेतलं नाही, तर ते असं हातातून जाऊ शकतं.

बोर्ड आदल्या दिवशी मांडायचा

मीटिंग सुरू झाल्यावर बोर्ड उघडणारा सूत्रधार पहिली पंधरा मिनिटं घालवतो. आदल्या दिवशी अर्धा तास काढा आणि डावीकडून उजवीकडे सहा फ्रेम, म्हणजे नाव दिलेल्या चौकटी, आखा. फिगजॅममध्ये यांना सेक्शन म्हणतात. प्रत्येकीला आकडा आणि नाव द्या: १ आजचा प्रश्न, २ अडचणी, ३ गट आणि मतदान, ४ कामाचा प्रवाह, ५ स्क्रीन, ६ ठरलं काय. शिवाय खाली एक आडवी फ्रेम ‘नंतर बघू’ या नावाने ठेवा. चर्चा भरकटली की तो मुद्दा वाद न घालता तिथे टाकता येतो. ही फ्रेम नसेल तर सचिव अनुदानाचा विषय काढतील आणि त्यांना मध्येच थांबवणं कुणालाच जमणार नाही.

प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर एका वाक्यात सूचना लिहा आणि कितीचा वेळ तेही लिहा. शक्यतो एक नमुन्याची स्टिकी भरून ठेवा, कोऱ्या जागेसमोर माणसं बिचकतात. मग फ्रेम, शीर्षकं आणि सूचना निवडून लॉक करा. हे विसरू नका. लॉक नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी माऊसला चिकटून अख्खी फ्रेम बाजूला सरकते आणि सगळे ‘कुणी हलवलं?’ यात गुंततात.

दोन तपासण्या राहिल्या. पहिली: लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेल्या ठिकाणी उघडून बघा. फक्त बघता येतं की लिहिताही येतं, ते तिथेच कळतं. दुसरी तपासणी देवनागरीची. या बोर्डांचे सुरुवातीचे फॉन्ट रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. मराठी लिहिलं की बोर्ड गुपचूप तुमच्या कॉम्प्युटरवरचा दुसरा फॉन्ट वापरतो, त्यामुळे तुम्हाला जे स्टिकीत नीट बसलेलं दिसतं ते पुण्यातल्या माणसाच्या स्क्रीनवर बाहेर सांडलेलं असू शकतं. फॉन्ट निवडायची सोय असेल तर मुक्ता किंवा बालू घ्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. ‘दुसऱ्या’, ‘शिल्लक’, ‘द्राक्ष’ हे तीन शब्द लिहून बोर्डाची पीडीएफ काढा आणि उघडून बघा. दुसऱ्यातला ‘ऱ्या’ फुटला किंवा मराठी वळणाच्या ल आणि श ऐवजी हिंदी वळणाचे उमटले, तर सचिवांना पाठवायची प्रत पीडीएफ न काढता चित्र म्हणून काढा.

दीड तासाची आखणी

पहिली १० मिनिटं ओळख आणि सराव, ८ मिनिटं लिहिणं, २० मिनिटं गट पाडणं, ७ मिनिटं मतदान, ३० मिनिटं प्रवाह आणि स्क्रीन, १५ मिनिटं ठराव. बरोबर ९०. टायमर बोर्डावर सगळ्यांना दिसेल असा लावा. संपल्याची घंटा सॉफ्टवेअरने दिली की तुम्हाला कुणाला ‘थांबा’ म्हणावं लागत नाही, विशेषतः वयाने मोठ्या माणसाला.

सरावात चारच गोष्टी करून घ्या: एक स्टिकी टाका, तिच्यावर नाव लिहा, ओढून दुसरीकडे न्या, चुकलं तर मागे घ्या. कंट्रोल आणि झेड दाबलं की मागे जाता येतं, एवढं कळलं तरी लोकांची भीती निम्म्याने उतरते. ज्याचा कर्सर हरवला असेल त्याला सांगा की माझ्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करा, तुमचा स्क्रीन माझ्यामागे चालेल. मिरोत सगळ्यांना एकदम आपल्याकडे बोलावता येतं, फिगजॅममध्ये हेच काम स्पॉटलाइट करतं. दर वेळी पुढच्या फ्रेमवर जाताना ते बटण दाबा, म्हणजे ‘आपण आता कुठे आहोत?’ हा प्रश्न उरत नाही.

फोनवरून आलेल्या माणसाला बोर्ड हाताळायला लावू नका. इतक्या छोट्या पडद्यावर स्टिकी ओढणं म्हणजे छळ आहे. त्यांच्यासाठी टीममधला एक लेखनिक नेमा. ते बोलतील, लेखनिक लिहील. त्याला एकच अट: शब्द त्यांचेच ठेवायचे. सचिव म्हणाले, ‘बिलात फरक आला की माणसं माझ्या दारात येतात’, तर स्टिकीवर हेच वाक्य हवं. त्याचं ‘बिलिंगमधील विसंगतीचे निराकरण’ केलंत की त्या वाक्यातली दारात आलेली माणसं गेली, आणि नंतर स्क्रीन काढताना नेमकी तीच आठवायला हवी असतात.

गप्प बसून लिहिणं

प्रश्न कसा विचारता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘अ‍ॅपमध्ये काय काय हवं?’ असं विचारलंत तर यादी येते: नोटिफिकेशन, डार्क मोड, हवामान, बाजारभाव. त्याऐवजी असं विचारा: ‘शेतकरी केंद्रावर दूध घेऊन आल्यापासून बिलाचे पैसे खात्यात येईपर्यंत त्याला कुठे अडतं?’ या प्रश्नाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि त्यात माणूस आहे. पहिल्या फ्रेममध्ये तेवढंच वाक्य मोठ्या अक्षरात ठेवा.

मग आठ मिनिटं कुणीही बोलायचं नाही. माइक बंद. एका स्टिकीवर एकच मुद्दा, सात-आठ शब्दांत. या शांततेचा फायदा सगळ्यात जास्त त्यांना होतो जे मीटिंगमध्ये बोलतच नाहीत. आपल्याकडे साहेब बोलून झाले की बाकीच्यांची मतं साहेबांच्या मतासारखी व्हायला लागतात, आणि लिहिताना दुसऱ्याची स्टिकी दिसत असेल तरी तेच होतं. मिरोसारख्या बोर्डांत इतरांचा मजकूर तात्पुरता झाकणारा खासगी मोड आहे. तो नसेल तर प्रत्येकाला दुसऱ्या फ्रेमच्या आत आपापला कोपरा आखून द्या आणि इतरांचे कर्सर दिसणं बंद करा.

मराठीत टाइप करायला अडखळणारे लोक रोमन लिपीत मराठी लिहितील. लिहू द्या. नंतर वाचताना देवनागरीत करणं दोन मिनिटांचं काम आहे, त्यासाठी आत्ता कुणाला अडवू नका. फील्डवरच्या माणसाने आधीच गावोगावच्या तक्रारी स्प्रेडशीटमध्ये लिहिल्या असतील तर त्या पुन्हा लिहायची गरज नाही. रकाना कॉपी करून मिरोत किंवा फिगजॅममध्ये पेस्ट केला की एकेका ओळीची एकेक स्टिकी होते.

आठ मिनिटांनी दुसऱ्या फ्रेममध्ये साधारण अशा गोष्टी असतील: ‘मशीनने फॅट कमी दाखवलं तर शेतकऱ्याला पटत नाही’, ‘पावतीची शाई दोन दिवसांत उडते’, ‘मोबाईल मुलाकडे, दूध घालायला येते आई’, ‘संध्याकाळी लाइट जाते, मग वहीत लिहितो, सकाळी चढवायचं राहतं’, ‘सभासद क्रमांक चुकीचा टाकला की दूध शेजाऱ्याच्या खात्यावर’. यातल्या तिसऱ्या स्टिकीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबेन. ती नसती तर टीमने प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर चालणारं अ‍ॅप बनवलं असतं आणि रोज दूध घालणाऱ्या बाईला त्याचा काहीच उपयोग झाला नसता.

गट पाडणं

ही पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य करणाऱ्या या माणसाने ढीगभर टिपणांतून अर्थ काढण्यासाठी ती बसवली आणि त्याच्या नावावरून तिला केजे पद्धत म्हणतात. तिचा महत्त्वाचा भाग लोक नेमका विसरतात: गटांची नावं आधी लिहायची नाहीत. ‘तांत्रिक’, ‘आर्थिक’, ‘इतर’ असे तीन रकाने करून ठेवले की लोक निमूटपणे स्टिकी त्यांत टाकतात आणि तुम्हाला जे आधीच माहीत होतं तेच परत मिळतं. आधी जवळच्या वाटणाऱ्या स्टिकी शेजारी आणायच्या, तेही न बोलता, आणि ढीग तयार झाल्यावर त्याला पूर्ण वाक्यात नाव द्यायचं. ‘पावती’ हे नाव पुरेसं नाही. ‘मिळालेल्या आकड्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही’ असं नाव दिलं की पुढे काय सोडवायचंय ते दिसतं.

एखादी स्टिकी दोन गटांत बसत असेल तर तिची प्रत काढा. एखादी कुठेच बसत नसेल तर एकटी राहू द्या. मिरोमध्ये स्टिकी आपोआप गटांत लावणारी एआयची सोयही आता आहे. शंभरच्या वर स्टिकी असतील तर पहिला हात फिरवायला ती बरी. वीस-तीस असतील तर हाताने करा, कारण ‘ही इथे का?’ हा वादच कामाचा असतो.

मतदानाला सात मिनिटं पुरतात. गटांच्या पाव संख्येइतकी मतं प्रत्येकाला द्या. आठ गट असतील तर दोन. मतं निकालापर्यंत झाकलेली ठेवा, ती सोय नसेल तर मोठ्या साहेबांनी शेवटी मत टाकायचं असं आधीच सांगा. सगळ्यात जास्त मतांचा एकच गट आज घ्यायचा. बाकीचे मेलेले नाहीत, ते ‘नंतर बघू’मध्ये जातात. आपण ‘आकड्यावर विश्वास बसत नाही’ हा गट घेऊ.

प्रवाह : एका रेषेत, मग वळणं

चौथ्या फ्रेममध्ये काम जसं घडतं तसं काढा. चौकोन म्हणजे कृती, तिरका चौकोन म्हणजे निर्णय, बाण म्हणजे पुढे काय. एक्सकॅलिड्रॉमध्ये कीबोर्डवर २ दाबलं की चौकोन, ३ म्हणजे तिरका चौकोन, ५ म्हणजे बाण, ८ म्हणजे मजकूर. चारच आकडे, पण हात बसला की लोक बोलत असताना तुम्ही काढत जाता. बाण आकाराच्या कडेला नेऊन सोडा, तो चिकटतो आणि मग चौकोन हलवला तरी बाण मागे येतो. हवेत सोडलेले बाण नंतर एकेक करून दुरुस्त करावे लागतात.

पहिल्या रेषेत सगळं सुरळीत झालं तर काय होतं तेवढंच: दूध आलं, सभासद क्रमांक टाकला, वजन झालं, फॅट-एसएनएफ लागलं, दर निघाला, पावती दिली. सहा चौकोन, एक आडवी रेषा. ती पूर्ण झाल्याशिवाय ‘पण समजा...’ने सुरू होणारं एकही वाक्य घ्यायचं नाही. मग दुसऱ्या रंगाने खाली वळणं काढा. वीज गेली तर? क्रमांक चुकला तर? शेतकऱ्याला फॅट पटलं नाही आणि त्याने पुन्हा लावायला सांगितलं, तर पहिला आकडा ठेवायचा की दुसरा? हा शेवटचा प्रश्न प्रोग्रॅमर सोडवू शकत नाही. तो संस्थेचा नियम आहे आणि तो फक्त फोनवरचे सचिव सांगू शकतात. अशा ठिकाणी लाल प्रश्नचिन्ह टाका आणि शेजारी उत्तर कोण देणार त्याचं नाव लिहा.

स्क्रीन : आधी कागद

माऊसने स्केच काढायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. गूगल व्हेंचर्स या गुंतवणूक कंपनीच्या ‘डिझाइन स्प्रिंट’ या काही दिवसांत नमुना बनवून तपासायच्या पद्धतीतला एक व्यायाम इथे उत्तम चालतो: ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ घरं करा, आठ मिनिटांत आठ वेगवेगळे पर्याय पेनाने काढा, एका घराला एक मिनिट. चौथ्या घरापर्यंत आधीच सुचलेलं संपतं आणि पुढे जरा वेडंवाकडं, पण कामाचं काहीतरी यायला लागतं. फोनने फोटो काढा, आकार कमी करा आणि पाचव्या फ्रेममध्ये टाका. ज्यांना चित्र काढता येत नाही असं वाटतं तेही चौकोन आणि रेघोट्या काढतातच.

फोटोंवरून एक पर्याय निवडला की बोर्डावर बांधायला घ्या. ३६० बाय ८०० मापाचा उभा आयत काढा. बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनच्या पडद्याच्या प्रमाणाला तो जवळ जातो. त्याच्या पाच-सहा प्रती शेजारी-शेजारी ठेवा, कारण पाच-सहा स्क्रीनच्या पुढे गेलात तर तुम्ही नमुना सोडून अ‍ॅप बांधायला लागला आहात. बोटाने दाबायची कुठलीही जागा याच मापात ४८ पेक्षा लहान ठेवू नका. गूगलची अँड्रॉइडसाठीची शिफारस तीच आहे, आणि इथे तर दुधाने ओले झालेले हात असणार आहेत.

रंग वर्ज्य. काळा, पांढरा, करडा, बस. लोगो नको, चिन्हं नकोत. नमुना जितका तयार दिसेल तितके लोक त्याच्या रंगावर बोलतात आणि कामावर बोलायचं टाळतात. एक्सकॅलिड्रॉच्या वाकड्या रेषा म्हणूनच मला आवडतात, त्या बघून कुणालाही ‘हे बदला’ म्हणायला संकोच वाटत नाही.

रंगात कंजुषी केली तरी मजकुरात करू नका. ‘इथे आकडा’ असं लिहिलेला चौकोन निरुपयोगी. पावतीच्या स्क्रीनवर खरी वाटेल अशी पावती लिहा:

सभासद क्र. ११४ · गाय · संध्याकाळ
लिटर ६.४ · फॅट ३.८ · एसएनएफ ८.४
दर ₹३१.५० · रक्कम ₹२०१.६०
काल संध्याकाळी : फॅट ३.९ · एसएनएफ ८.५

आकडे मनचे आहेत, पण गुणाकार बरोबर आहे, आणि तो बरोबर असलाच पाहिजे. सचिव पहिल्यांदा तोच तपासतात, आणि तो चुकला की पुढचं बोलणं ऐकत नाहीत. शेवटची ओळ बघा. ‘विश्वास बसत नाही’ या गटाचं एक उत्तर तिथे आहे: कालचा आकडा आजच्या शेजारी दिसला, तर फरक मशीनचा की दुधाचा याचा अंदाज शेतकऱ्याला स्वतः बांधता येतो. असे दोन-तीन पर्याय शेजारी काढा आणि सगळ्यात लांब नाव, सगळ्यात मोठी रक्कम टाकून एकदा बघा. मराठी शब्द जागा जास्त खातात, इंग्रजी बटणात बसवलेलं ‘जतन करा’ अनेकदा दोन ओळींत तुटतं.

आता नमुना क्लिक होणारा करू. प्रत्येक स्क्रीनची लिंक घ्या आणि आधीच्या स्क्रीनवरच्या बटणाला जोडा. मिरोत आणि एक्सकॅलिड्रॉमध्ये बोर्डावरच्या एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे नेणारी लिंक जोडता येते, फिगजॅममध्ये सेक्शनची लिंक कॉपी करून मजकुराला लावता येते. क्लिक केलं की बोर्ड त्या स्क्रीनवर उडी मारतो. अ‍ॅपसारखं गुळगुळीत होत नाही आणि या टप्प्यावर तसं होण्याची गरजही नाही. ते हवंच असेल तर स्क्रीन फिग्मात न्या आणि तिथल्या प्रोटोटाइप भागात जोडण्या करा.

दाखवायचं आणि गप्प राहायचं

चाचणीला लॅपटॉप घेऊन केंद्रावर जा. नमुना समजावून सांगू नका, काम द्या. ‘दादा, मागच्या दहा दिवसांचं बिल बघायचंय, कुठे दाबाल?’ बोट जिथे जाईल तिथे जाऊ द्या. अडले तर लगेच मदत करू नका, दहा आकडे मनात मोजा. दुसरा माणूस बोर्डावर त्या त्या स्क्रीनखाली स्टिकी टाकत जातो: काय केलं, काय म्हणाले. ‘आवडलं’ ही नोंद घेऊ नका. समोर पाहुणा बसला की आपली माणसं ‘छान आहे’च म्हणतात.

किती लोकांना दाखवायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा की पाच जणांत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. तो हिशेब एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी आहे. आपल्याकडे दूध घालणारे आणि मशीनवर बसणारा असे दोन प्रकार आहेत, म्हणून दोन्हीकडून तीन-चार जण घ्या. तीन जण एकाच बटणावर अडले तर चौथ्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी बदला. करड्या चौकोनांचा हाच फायदा, बदलायला दुःख होत नाही.

जे मीटिंगला नव्हते त्यांच्यासाठी

फ्रँकफर्टची वेळ आपल्या मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. सकाळी दहाची मीटिंग तिला जमणार नाही. तिला बोर्डाची नुसती लिंक पाठवली तर ती हरवेल. बोर्डावरून कर्सर फिरवत पाच मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, आणि तिने कुठल्या फ्रेममध्ये काय करायचं ते लिहा: ‘चौथ्या फ्रेममधल्या लाल प्रश्नचिन्हांवर कॉमेंट कर, गुरुवार संध्याकाळपर्यंत.’ स्टिकी हलवू नकोस हेही सांगा. गट कुणी रात्रीतून बदलले की सकाळी बाकीच्यांना आपलंच काम ओळखू येत नाही.

लिंक कुणाकडे आहे?

खऱ्या शेतकऱ्यांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती बोर्डावर कधीही टाकू नका, नमुन्याच्या पावतीवरही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झालेला आहे आणि त्यातला सर्वांत मोठा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो, पण कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं. बोर्डाची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली की ती कुठे जाईल सांगता येत नाही. एक्सकॅलिड्रॉमध्ये मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली लिंकच्या शेवटच्या तुकड्यात असते, सर्व्हरकडे ती जात नाही. म्हणजे लिंक ज्याच्याकडे, बोर्ड त्याचा, आणि लिंक हरवली तर परत मिळवून देणारं कुणी नाही. फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर जतन करून ठेवा.

बोर्ड बंद करणं

शेवटची पंधरा मिनिटं सहाव्या फ्रेमची. तीन रकाने: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. नाव एकाच माणसाचं, ‘टीम’ हे नाव चालत नाही. हे तिथल्या तिथे तुमच्या कामाच्या यादीत उतरवा, मग ती जिरा असो, ट्रेलो असो की साधी स्प्रेडशीट. बोर्ड उघडून कुणीही आपली कामं बघत नाही.

नंतर ‘नंतर बघू’ची फ्रेम वाचा आणि पुढच्या बोर्डात न्यायचं तेवढंच उचला. बोर्डाच्या नावापुढे तारीख आणि ‘बंद’ लिहा, सगळ्यांची परवानगी फक्त बघण्यापुरती करा, पीडीएफ किंवा चित्र काढून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टाका. फोटोंनी जड झालेला बोर्ड जुन्या लॅपटॉपवर रांगत उघडतो, त्यामुळे पुढची फेरी याच बोर्डावर उजवीकडे वाढवत नेऊ नका. मोफत योजनेतल्या तीन बोर्डांची अडचण असेल तर जुना निर्यात झाल्याची खात्री करून त्यातल्या स्टिकी पुसा. लॉक केलेल्या फ्रेम तशाच राहतील, पुढच्या वेळी मांडणीचा अर्धा तास वाचेल.